पात्याच्या वाटेवरची कमान

आमच्या सुलक्षणानं स्वतःच्या आईच्या कमानीवर लाल रंगाची फुली मारली, तेव्हा मी भर रस्त्यात तिच्या अंगावर धावून गेले होते. खोटं कशाला बोलू? मी तिची सख्खी मावशी, आणि कमानीवर नाव माझ्या थोरल्या बहिणीचं, आशालताचं. पौडच्या पुढं बाईच्या नावाची कमान आमच्याच गावात. दाजींनी, म्हणजे दादासाहेबांनी, बायको गेल्यावर तिच्या आठवणीला गावच्या रस्त्यावर बांधलेली. आणि ही बया तिच्यावर रंग फासतेय!

"अगं भवाने, आईच्या नावावर फुली?"

"नावावर नाही मावशी, खांबावर मारलीय," ती म्हणाली, आणि फुली पुरी केलीच.

तिचं कामच ते. पवनचक्कीचं पातं ज्या रस्त्यानं जायचं तो रस्ता आधी मापायचा. झाड, तार, पडवी, जे मध्ये येईल त्यावर फुली. आधी भूगावात एका बिल्डरकडं प्लॉट मापायची. तीच दोरी, तोच चुना. वैतागून सोडलं आणि या कामाला साताऱ्याकडच्या पठारांवर गेली. लोक म्हणायचे, दादासाहेबाची पोर ट्रकापुढं पळती. पळू दे की! तिच्या मागचा ट्रक कुठं अडला नाही.

मग आमच्याच वरच्या पठारावर तीन पवनचक्क्या उभ्या करायचं ठरलं. वाऱ्याला तिथं तोटा नाही, पावसाळ्यात गुराख्याला उभं राहू देत नाही. अडचण रस्त्याची. आधी आलेल्या माणसानं 'इथून पातं जाणार नाही' म्हणून हात झटकले. सुलक्षणा कंपनीच्या सुधीर साहेबांना म्हणाली, "जाईल. माझं गाव आहे, मी रस्ता मोकळा करून देते." बसली शब्द देऊन! पावसाच्या आत रस्ता झाला नाही, तर चक्क्या दुसऱ्या तालुक्यात जाणार आणि हिच्या शब्दाला पुन्हा कोण विचारणार?

पातं चांगलं सत्तर मीटर. अरुंद वळणावर ते गाडीवरच तिरकं वर उचलतात, मग गाडी वळते. आमची कमान नेमकी वळणाच्या तोंडावर. उचललं तर कमानीला लागतं, नाही उचललं तर वळत नाही.

"आता समुद्रात पण उभ्या करणार म्हणे," मी टोमणा मारला. "तिकडं जा की. तिथं कुणाच्या आईची कमान नसते."

"तिथं बंदर लागतं, मोठाली जहाजं लागतात, खर्च आवाक्याबाहेर. होईल तेही, मी जाईन तिथंही. पण इथला वारा आपल्या डोक्यावरनं फुकट जातोय, त्याचं काय?"

दाजींनी तिच्याशी बोलणं टाकलं. एकटेच कमानीभोवती फिरायला लागले. बगलेनं वाट निघत नव्हती, एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला शेजारच्या तानाजीची विहीर. "रस्ता खाली खना," माझ्याकरवी सांगितलं. तिनं खणून दाखवला, तर कमानीचा पायाच उघडा पडला. इकडं तानाजीच्या पडवीवरही फुली होती. त्यानं ठणकावलं, "आदी तुमची कमान, मंग माजी पडवी." फुली पडलेले बाकीचेही त्याच्या मागं लपले.

त्या संध्याकाळी सुलक्षणा बापापुढं येऊन बसली. मी तिथंच होते.

"दादा, कमान पाडताना मला काहीच वाटणार नाही का? आई गेली तेव्हा मी दहावीत होते. रोज आठवण येते मला तिची. पण आपली कमान ठेवून तानाजीकाकांना पडवी पाडा म्हणायला मला तोंड नाही. तुम्ही नाही म्हणालात, तर उद्या साहेबांना सांगते, मला जमलं नाही."

'जमलं नाही' हे त्या पोरीच्या तोंडून आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

"तसं न्हाई सांगायचं," दाजी म्हणाले. "पाड. पन नावाची फरशी मी काडनार."

फरशी त्यांनी स्वतः छिन्नी लावून काढली, मी खालून धरली. मी रडले, शिव्याही घातल्या, कुणाला ते आठवत नाही. कमान पडली आणि तानाजीनं न सांगता पडवी उतरवली.

पातं आलं त्या दिवशी नेमका वारा सुटला. काय म्हणावं! वाऱ्यासाठी आणलेलं पातं वाऱ्यानंच अडवलं. सुधीर साहेबांना घाई झालेली, पण सुलक्षणा हलली नाही. "वारा पडू दे. मग उचलायचं." दुपारनंतर पडला. वायरमननं लाइन बंद केली, तिनं शिट्टी मारली, आणि ते पांढरं धूड आभाळात उठलं, वळलं, गेलं! गावानं टाळ्या पिटल्या. मी तर ओरडलेच, "माजी भाची हाय ती!"

सुधीर साहेबांनी दाजींना हात जोडले. "काका, काम झालं की कंपनी कमान परत बांधून देईल. होती त्याहून मोठी."

दाजींनी विचारलं, "म्होरलं पातं याच्याहून लांब आसंल का न्हाई?"

"असेल. लांबी वाढतच चाललीय."

"मंग नगं. फरशी माज्या घरात हाय. आशालताला एकदा पाडली, परत न्हाई पाडायचो."