काचेवरचा उंबरठा

माझी मावशी पाणी अडवते. धरणावर नाही, काचेवर.

बिस्किटाएवढी काचेची पाटी असते, तिच्यात केसापेक्षा बारीक चर कोरलेले असतात. कडेला रक्ताचा थेंब टेकवला की तो चरातून आपोआप चालायला लागतो. पंप नाही, काही नाही. स्वच्छ काच पाण्याला आवडते, म्हणून ते तिला चिकटत चिकटत पुढे सरकतं. पण तपासणीसाठी थेंबाने वाटेत तीन ठिकाणी थांबायला हवं, तिथल्या औषधात मिसळायला हवं, आणि मशीनने मागून जरा ढकललं की मगच पुढे निघायला हवं. त्या तीन जागी मावशी बारीक ब्रशने एक द्रव लावते. तो वाळला की तेवढ्या पट्टीवर पाणी टिकत नाही, तेलकट ताटावर टिकत नाही तसं. थेंब तिथपर्यंत येतो आणि उभा राहतो. त्या पट्टीला आमच्या कारखान्यात उंबरठा म्हणतात. दार नाही, कडी नाही, तरी थेंब ओलांडत नाही.

हे काम मावशी बावीस वर्षं करतेय. तिची शाळा चौथीपर्यंत, माझी नववीपर्यंत, त्यामुळे घरात विद्वान मीच. मी त्याच कारखान्यात पॅकिंगला आहे. सहावीपासून तिच्याकडेच राहते. तिच्याबद्दल कोणी वाकडं बोललेलं मला खपत नाही, हे आधीच सांगते, म्हणजे मागाहून कोणी मला समजावायला येणार नाही.

आता, उंबरठा डोळ्यांना दिसत नाही. वाळला की सगळी काच सारखीच. म्हणून झाकण चिकटवायच्या आधी मावशी पाटीवर 'हा' करते, आरशावर करतात तसा. स्वच्छ काचेवर वाफ पसरून जाते, काच काचेसारखीच राहते. उंबरठ्यावर मात्र पांढरं धुकं धरतं. दोन सेकंद तीन पांढऱ्या रेघा दिसतात, मग गायब. रेघ तुटलेली दिसली तर पाटी परत. दिवसाला तीनशे पाट्या, तीनशे हा. तिला सर्दी झाली तर मालकीणबाई फळ्यावर लिहायच्या, 'आज माल कमी, कारण सर्दी.'

यंदा नवा साहेब आला. मावशीला पाटीवर श्वास सोडताना बघून त्याचा चेहराच उतरला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मास्क आले आणि मावशीच्या टेबलामागे कॅमेरा आला. कॅमेरा ओरखडे बघायचा, धूळ बघायचा. उंबरठा त्याला दिसायचा नाही, कारण बघण्यासारखं तिथे काही नव्हतंच. मावशीने हे साहेबाला एकदा सांगितलं. तो म्हणाला, कॅमेऱ्याला सर्दी होत नाही. मावशीने मास्क लावला.

तिसऱ्या आठवड्यात माल वाया गेला. झाकण चिकटवल्यावर थोड्या पाट्या लाल पाण्याने तपासतात. त्या दिवशी थेंब पहिल्या उंबरठ्यापर्यंत पोचेचना. चराच्या तोंडाशीच उभा, सासरी पहिल्यांदा आल्यासारखा. शोधलं तर सगळ्या खराब पाट्या मावशीच्या टेबलावरच्या. साहेबाने निकाल दिला: वयाने हात हलतो, ब्रश भलतीकडे लागतो, सोमवारपासून तुम्ही पॅकिंगला बसा.

पॅकिंगला बसणं वाईट नाही, मी बसते. पण त्या टेबलावर मावशीच्या कोपरांनी दोन गुळगुळीत खळगे पडलेत. तिथून उठवलं तर ती घरी येऊन भिंतीकडे बघत बसणार, मला माहीत होतं. आणि तिने चकार शब्द काढला नाही. हेच मला खटकलं. नळ दुरुस्त करणाऱ्याशी एका वॉशरवरून पाऊण तास भांडणारी बाई ही.

मीच साहेबाकडे गेले. म्हटलं, तिचा हात हलत नाही. त्याने माझं शिक्षण विचारलं. मी सांगितलं. त्याने मान हलवली, जणू उत्तर मिळालं.

शनिवारी घरी निघताना मी रद्द मालाच्या डब्यातून मावशीच्या टेबलावरच्या, झाकण न लावलेल्या दहा पाट्या उचलल्या. रविवारी सकाळी मावशी गच्चीवर कपडे वाळत घालत होती, तेव्हा स्वयंपाकाच्या ओट्यावर त्या मांडल्या आणि पहिलीवर हा केला. तीन रेघा आल्या, पट्टीने ओढल्यासारख्या सरळ. हात हलत असता तर अशा आल्या नसत्या. पण चौथंही काहीतरी आलं. उजव्या कोपऱ्यात, चराच्या तोंडावरच, अंगठ्याएवढी धुक्याची अर्धी टिकली. दुसरीवर तीच. दहाही पाट्यांवर तिथेच.

कारखान्यात बाकी सगळ्या उजव्या हाताने ब्रश चालवतात आणि डाव्याने पाटी धरतात. उजव्याने पाटी धरणारी एकच. मावशी डावखुरी आहे.

पण कामावर ती हातमोजे घालते, तरी ही तेलकट खूण आली कुठून? मग पलंगाशेजारच्या फळीवरची निळी डबी दिसली. भेगांचं मलम. मावशीच्या टाचा इतक्या फाटतात की चादरीचे धागे अडकतात, म्हणून गेल्या आठवड्यात मीच आणलं होतं. डबीवर लिहिलंय, 'पाण्यालाही आत शिरू देत नाही.' रोज झोपताना ती बोटांनी टाचांना लावायची. ते साबणाने सुटत नाही. सकाळी त्याच बोटांनी हातमोजे ओढायची, म्हणजे मलम हातमोज्यांना बाहेरून लागायचं.

मावशी रिकामी बादली घेऊन आत आली. ओट्यावरच्या पाट्या बघितल्या, माझ्या हातातली डबी बघितली.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"बुधवारी कळलं, माल गेल्यावर. हात धुताना पाणी बोटांवर पसरेना, मण्यांसारखं ओघळलं."

"मग साहेबाला बोलली का नाहीस?"

"काय बोलू? भाचीच्या मलमाने माल घालवला म्हणून? तुला वाटत राहिलं असतं की तुझ्यामुळे माझं टेबल गेलं."

"आणि आता नाही वाटत का?"

"बादली तर ठेवू दे आधी," मावशी म्हणाली.

मग तिने बजावलं, ही गोष्ट घरातच राहू दे, पॅकिंगलाही माणसंच बसतात. मी मान डोलावली. नुसती मान डोलावली, शब्द दिला नाही.

सोमवारी मावशी मुकाट्याने पॅकिंगला जाऊन बसली. मी पाट्या आणि डबी घेऊन साहेबाच्या टेबलापाशी. सगळं सांगितलं, मलम कोणी आणलं तेसुद्धा. म्हटलं, चूक मलमाची आहे, म्हणजे अर्धी माझी. पण तिला हा करू दिला असता तर पहिल्याच पाटीवर तिने ही खूण पकडली असती. साहेब म्हणाला, या पाट्या कॅमेऱ्याने पास केल्यात. मी म्हटलं, तेच सांगतेय.

त्याने मास्क काढला, पाटी तोंडाजवळ धरली आणि फुंकर मारली. काही दिसलं नाही. मी म्हटलं, फुंकर नाही, हा. त्याने हा केला. तीन रेघा आणि टिकली. त्याने दहाही पाट्यांवर केला. त्याच्या चष्म्यावरही धुकं धरलं, ते त्याने पुसलं.

दुपारी मावशी तिच्या टेबलावर परत. काच धुवायच्या द्रवाने तिचे हात तीनदा धुवून घेतले होते. माझ्याशी ती दोन दिवस बोलली नाही, मी शब्द मोडल्यासारखं. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली की मलम कुणी आणलं हे सांगायची काही गरज नव्हती.

भिंतीवर साहेबाच्या अक्षरात कागद लागलाय: 'या खोलीत मलम, क्रीम, तेल लावून येऊ नये. पाट्यांवर श्वास सोडू नये. मावशींनी सोडावा.'

मावशीच्या टाचा अजून फाटतात. मलम आता मी लावते, माझ्या बोटांनी, वर तिला मोजे चढवते. पॅकिंगला चालतं.