रिलीव्हर आल्याशिवाय

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाजवळ किस्से धुळीसारखे साचतात. आज पुसले तरी उद्या हजर! भिलाईच्या आमच्या छोट्या कारखान्यातले माझे बहुतेक किस्से एकाच मशीनचे आहेत, कंट्रोल रूममधल्या.

तिन्ही पाळ्यांचे ऑपरेटर तेच मशीन वापरतात. रिवाज असा, की पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणणार, "आलो, निघा." मगच बसलेला उठणार आणि नवा आपला पासवर्ड टाकणार. पण काही दिवसांपासून कीबोर्डचं बटण दाबलं तरी पासवर्डचा खोका लवकर येईना! समोर नुसता लॉक स्क्रीनवरचा डोंगर-तळ्याचा फोटो. एकदा भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्याचा अलार्म त्या फोटोमागेच राहिला, कुणाला दिसलाच नाही आणि खाली काम करणारा थोडक्यात वाचला. मॅनेजरनं मला सांगून टाकलं, पुन्हा असं झालं तर तुम्ही घरी बसा.

*

मी बोटाचा ठसा घेणारं यंत्र काढलं, अँटीव्हायरस बदलला, नेटवर्कची वायर उपटून पाहिली. शेवटी वैतागून अख्खं मशीनच बदललं. जुनं माझ्या टेबलावर आणलं, तर खोका चटकन हजर! नवं तिकडे लावलं, तर पुन्हा डोंगर आणि तळं. तेव्हा मात्र मला भीती वाटली.

*

मेश्रामभाऊ तिथले सर्वांत जुने ऑपरेटर. म्हणाले, "मशीन कायले बदलून राहिला? सोमवारी सकाळी खुर्चीले हात लावून पाह्य."

रविवारी कारखाना बंद असतो. सोमवारी कुलूप उघडून सर्वांत आधी आम्ही दोघंच आत गेलो. खुर्ची गरम होती. ऊन येत असेल, असं मी म्हणालो खरा, पण त्या खोलीला खिडकीच नाही.

*

मी नवा होतो, म्हणून आधीचे ऑपरेटर टेंभरेकाका यांचं मला ठाऊक नव्हतं. ते मेश्रामभाऊंनीच सांगितलं. काका त्या खुर्चीत असताना त्यांच्या छातीत दुखू लागलं. रिलीव्हरची बस चुकली होती. सगळे म्हणाले, दवाखान्यात चला. काका म्हणाले, "रिलीव्हर आल्याशिवाय कसा उठू?" बसल्या जागीच गेले.

*

पुढे काकांच्या जागी त्यांच्या मुलाला, पंकजला घेतलं. घरी आई एकटी, नोकरी तर हवीच, पण पहिल्या दिवशी पोरगा दारातच थबकला. आधीच्या पाळीचा माणूस रिवाज मोडून केव्हाच चहाला गेला होता. खुर्ची रिकामी. स्क्रीनवर डोंगर आणि तळं. मी म्हणालो, एखादं बटण दाब आणि वाट बघ, वेळ लागतो.

त्यानं कीबोर्डकडे पाहिलंही नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "बाबा, मी आलो. निघा आता."

स्क्रीनवर खोका आला.

पंकज बसला. मेश्रामभाऊंनी दबक्या आवाजात विचारलं, "खुर्ची गरम हाये का रे?"

"नाई काका," तो म्हणाला. "थंड होऊन राहिली."