सोडायला उरलेलं

आमटीचा एक थेंब डाव्या तळहातावर घ्यायचा. जीभ लावायची, डोळे मिटायचे आणि सगळ्या कॅन्टीनला ऐकू जाईल असं म्हणायचं, "थँक यू, देवा!" हे आमच्या कॅन्टीनच्या मावशींचं मीठ बघणं. तुम्ही-आम्ही मीठ बघतो तेव्हा कपाळाला आठी असते. त्यांच्या चेहऱ्यावर मेजवानी असायची.

ऐंशीनंतरची वर्षं. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं कॅन्टीन माझ्या देखरेखीखाली होतं. त्या तिथे स्वयंपाक करायच्या. जवळच्याच गावठाणातल्या, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच ईस्ट इंडियन ख्रिस्ती. वय पन्नाशीचं. सगळे त्यांना मावशी म्हणत, मीही.

ताजे बोंबील मिळाले की मावशी दिवसभर गात. पण ईस्टरआधीचे उपवासाचे चाळीस दिवस बोंबील बंद, गोडही बंद.

"एवढं आवडतं तर सोडता कशाला?" मी विचारायची.

"मजा पाहुणी गो, बाय. तिला अधूनमधून घरी धाडावी. मग आपल्या घरात कोण राहतं ते कळतं."

मला ते चर्चमधून उचलून आणलेलं वाक्य वाटायचं.

एका डिसेंबरात त्यांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण वास आणि चव गेली ती गेलीच. कामावर आल्या त्याच दिवशी आमटी खारट झाली. "मावशी, समुद्र ओतलात काय?" कोणीतरी ओरडलं. एरवी दुप्पट ऐकवलं असतं त्यांनी. त्या दिवशी पातेलं उचलून आत गेल्या. तळहातावरचा थेंबही बंद झाला.

चव न कळणारी स्वयंपाकीण कोण ठेवतं? मी मिठाला मापाचा चमचा लावला आणि चाखायचं काम स्वतःकडे घेतलं. दया म्हणून नव्हे. त्यांच्यासारखी भाकरी दुसऱ्या कोणाला येत नव्हती.

उपवासाच्या पहिल्या बुधवारी त्या कपाळावर राखेचा क्रूस घेऊन आल्या. मी म्हटलं, "यंदा सोपं आहे, मावशी. सोडायला काही उरलंच नाही."

बोलले आणि जीभ चावली.

त्या पीठ मळत राहिल्या. "उरलंय ना. देवावर रुसलेय मी. तापापासून बोललेच नाही त्याच्याशी. तो रुसवा सोडते. बोंबलापेक्षा कठीण आहे गो."

मी लक्ष ठेवून होते. काही दिवस पातेली आदळत. "आज जमत नाय," त्या आपणहून सांगायच्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कधीतरी चुलीपाशी गुणगुण ऐकू आली.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून फुगे आणले. फुगे म्हणजे त्यांच्याकडचे तळलेले गोल पाव. एक तोंडात टाकून डोळे मिटले.

"कसा लागतो?"

"गरम आहे. एवढंच कळतं." आणि हसल्या. "पाहुणी गेली, बाय. घरचा आहे अजून."

माणसांकडून काम करून घेण्यात माझं आयुष्य गेलं. नाटक मला लांबून ओळखता येतं. ते नाटक नव्हतं. जिभेला चव होती तेव्हाही तो चेहरा इतका आनंदाने भरलेला मी पाहिला नव्हता. माझ्या हातातला फुगा हातातच राहिला.

त्यानंतर तळहातावरचा थेंब पुन्हा सुरू झाला. "थँक यू, देवा" तेवढंच मोठ्यांदा. मग पळी माझ्यापुढे. "आता तू सांग, मीठ कसं आहे?"

त्या गेल्या, त्याला बरीच वर्षं झाली. मी देवाधर्मातली नाही. तरी मीठ बघताना थेंब तळहातावर घेते, डोळे मिटते. आभार मानायला तोंड उघडतं आणि तिथेच थांबतं. कोणाचे मानायचे ते त्यांना ठाऊक होतं. मला फक्त मीठ कमी आहे, एवढं कळतं.