पॉट रोस्टपायी मी वारलो

दुबईत असताना मी एकदा वारलो होतो. फार वेळ नाही, दुपारच्या नमाजापासून असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजापर्यंतच. पण तेवढ्यात माणूस गेल्यावर जे काय व्हायचं असतं, ते बहुतेक सगळं होऊन गेलं!

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मोबाइल तेव्हा साहेबांच्याच कमरेला असायचे. मी एका एसी कंपनीत सुपरवायझर होतो आणि अल मनखूलमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट होता. उन्हाळा लागला की तिथल्या बायका मुलांना घेऊन आपापल्या मुलखाला जातात आणि मागे नवरे उरतात. आमची रझियाही दोन्ही पोरांना घेऊन श्रीवर्धनजवळ माहेरी गेली. जाताना विमानतळावर तिने मला एकच गोष्ट बजावली, "घराबाहेर पडताना सगळी बटणं बंद करा. सगळी म्हणजे सगळी!" (लोकांच्या बायका 'जपून राहा' म्हणतात.)

पहिला आठवडा मजेत गेला. टीव्हीचा रिमोट माझ्या हातात होता! दुसऱ्या आठवड्यात टीव्ही नुसता चालू ठेवायला लागलो, घरात कोणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून. तिसऱ्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानात रोज जाऊन एकच कांदा घ्यायला लागलो. पिशवीभर घेतले असते तर आठ दिवस पुरले असते, पण मग आठ दिवस कोणाशी बोलणार? काउंटरवरचा मुलगा विचारायचा, "और कुछ, भाईसाब?" मी म्हणायचो, "बस." झाला आमचा संवाद! दिवसभरातला घरगुती असा तेवढाच.

अशाच एका रिकाम्या संध्याकाळी कपाटावरचा स्लो कुकर, म्हणजे विजेवर मंद शिजवणारं भांडं, खाली काढला. एका दुकानाच्या सोडतीत तो आम्हाला लागला होता. लोकांना त्या सोडतीत मोटारी लागल्या, सोनं लागलं, आम्हाला भांडं! रझियाने तेव्हा माहितीपत्रक वाचून ते तिथल्या तिथे वर टाकलं होतं. "आठ तास? कुकरला चार शिट्ट्या दिल्या की बड्याचं मटणही शिजतं. आठ तास काय शिजवायचंय, उंट?"

मी मात्र ते पत्रक परत परत वाचलं. एका पानावर बीफ स्ट्यू होता, दुसऱ्या पानावर पॉट रोस्ट. मांसाचा अखंड मोठा गड्डा, भोवती गाजरं, बटाटे, कांदे आणि टेबलाभोवती हसणारं एक गोरं कुटुंब. खाली लिहिलं होतं, सकाळी लावा, कामावर जा, परत याल तेव्हा घर तुमची वाट पाहत असेल. आता मांस काय, मी कुठेही खाल्लं असतं. पण घर वाट पाहत असेल, हे वाक्य माझ्या मनाला भलतंच लागलं!

रझियाचे थोरले भाऊ यूसुफभाई शारजात राहत. त्यांना फोन लावला.

"यूसुफभाई, गुरुवारी संध्याकाळी जेवायला या. पॉट रोस्ट करतोय."

"काय करतोयस?"

"अखंड बीफ. मंद आचेवर. इंग्लिश पद्धतीचं."

"तुला चहा करता येत नाही, इक्बाल."

"ह्यात काही करायचंच नसतं! ते आपोआप होतं."

"मग मला का बोलावतोयस?"

'घरात बोलायला कोणी नाही' असं मेहुण्याला सांगता येत नाही. मी म्हटलं, "उरलं तर वाया जाईल." यूसुफभाई येतो म्हणाले.

उरलं तर म्हटलं खरं, पण पत्रकातला पॉट रोस्ट आठ माणसांचा होता. मी आठ माणसांचाच गड्डा आणला. खाटकाने विचारलं, "पार्टी है?" मी ऐटीत म्हटलं, "फॅमिली है."

गुरुवारी सकाळी लवकर उठून गड्ड्याला मीठ-मिरी चोळली, भाज्या रचल्या, पाणी घातलं, झाकण ठेवलं, बटण 'लो'वर फिरवलं. छोटा लाल दिवा लागला. दाराशी आलो, बूट घातले आणि रझियाचा आवाज कानात घुमला. परत आत गेलो. हॉलचा एसी बंद, बेडरूमचा बंद, गीझर बंद, स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची सगळी बटणं खटाखट बंद! सगळी म्हणजे सगळी! आज्ञाधारक नवऱ्याच्या समाधानाने कुलूप लावलं आणि निघालो.

ऑफिसात पोचतो तर साहेब दारातच. "रुवैसला कॉम्प्रेसर बंद पडलाय. गाडी खाली उभी आहे. यल्ला!" रुवैस म्हणजे दुबईहून थेट पश्चिमेच्या टोकाला, वाळवंटात. काम दोन-तीन दिवसांचं. निघता निघता यूसुफभाईंच्या खोलीवर फोन केला. त्यांच्यासोबत राहणाऱ्या कोणीतरी उचलला. मी सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "ओके, ओके." त्याच्या भाषेत 'ओके'चा अर्थ 'काही कळलं नाही' असा होतो, हे मला पुढे समजलं.

वाटेत एकाएकी घाम फुटला. कुकर चालू राहिलाय! (मी बटण बंद केलंय हे माझ्या डोक्यातच नव्हतं. बटणं बंद करताना माणूस काय विचार करतो? बंद करतो!) घराला आग लागली तर? साइटवर पोचल्या पोचल्या फोन गाठला आणि माझ्याच घरी लावला. घंटी वाजली. म्हणजे फोन जळलेला नाही, म्हणजे घर उभं आहे! मग हा नादच लागला. कॉम्प्रेसरचं थोडं काम झालं की घरी फोन. संध्याकाळी फोन, शुक्रवारी नमाजाआधी फोन, नंतर फोन. घंटी ऐकत उभा राहायचो. खरं सांगायचं तर त्या दिवसांत फोन करावा असं मला दुबईत दुसरं घरच नव्हतं.

इकडे काय चाललं होतं? गुरुवारी संध्याकाळी यूसुफभाई आले. दाराबाहेर माझ्या चपला होत्या. (साइटवर मी बूट घालून गेलो होतो.) त्यांनी बेल वाजवली, उत्तर नाही. दाराला कान लावला तर आत फोन वाजतोय, वाजतोय आणि कोणी उचलत नाही! "झोपला असेल," असं म्हणून रागारागाने ते खाली उतरले, इमारतीच्या पठाण वॉचमनला आपला नंबर दिला आणि शारजाला परतले. शुक्रवारी समोरच्या फ्लॅटमधल्या थॉमसनेही तेच ऐकलं. चपला बाहेर, फोन आत. आणि शनिवारी सकाळी माझ्या दाराखालून वास यायला लागला.

तुम्हीच विचार करा. दुबईचा उन्हाळा, एसी बंद, खिडक्या बंद आणि बंद कुकरात आठ माणसांचं बीफ! वास जिना चढला, लिफ्टमध्ये शिरला. वॉचमन येऊन हुंगून गेला, थॉमस हुंगून गेला. एकटा माणूस, उन्हाळा, चपला, फोन आणि हा वास. ह्या सगळ्याची बेरीज कोणीही केली असती. त्यांनी केली. यूसुफभाईंना बोलावलं, पोलिसांना बोलावलं.

आणि शनिवारी दुपार कलताना मी परतलो! धुळीने माखलेला डांगरी पोशाख, डोक्यावर हेल्मेट, दाढी वाढलेली. लिफ्टचं दार उघडलं तर माझ्या मजल्यावर ही गर्दी! आम्ही तिथे राहायला आल्यापासून त्या पॅसेजमध्ये एवढी माणसं मी एकत्र पाहिली नव्हती. सगळ्यांच्या नाकावर रुमाल होते, म्हणून मला वाटलं, रडतायत. मी मागे उभा राहिलो. शेजारच्याला हळूच विचारलं, "क्या हुआ?"

"तीन सौ चार वाला गुज़र गया."

मी म्हटलं, "इन्ना लिल्लाह!" मौतीची खबर ऐकल्यावर म्हणायचं ते तोंडून आपोआप निघून गेलं. मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. तीनशे चार तर आपणच!

"अकेला रहता था," थॉमस सांगत होता. "व्हेरी क्वायट मॅन."

"बूढ़ा था बेचारा," दुसरा कोणीतरी म्हणाला. (मी अजून चाळिशीला टेकलो नव्हतो!)

"नाम क्या था?"

सगळ्यांनी वॉचमनकडे पाहिलं. वॉचमनने डोळे पुसले. "नाम मालूम नहीं, साब. मगर रोज़ एक प्याज़ लेके आता था."

मला हसायला यायला हवं होतं. पण मनात आलं, आपण जग सोडलं, तर आपल्यामागे काय? एक कांदा!

तेवढ्यात कुलूप तोडणाऱ्याने हातोडी उगारली आणि माझ्यातला घरमालक जागा झाला. "थांबा! रुको! चावी है मेरे पास!"

पोलिसाने वळून विचारलं, "तू कौन?"

"मी... मैं वही हूँ. जो मर गया."

मग गर्दीतून यूसुफभाई पुढे आले. डोळे लाल, टोपी वाकडी. त्यांनी माझं हेल्मेट काढलं, चेहरा दोन्ही हातांत धरला, मला घट्ट मिठी मारली आणि मग पाठीत असा रट्टा घातला की मी खरंच जायचो!

"गुरुवारी दार का उघडलं नाहीस?"

"मी रुवैसला होतो!"

"मग आत कोण मेलंय?"

ह्या प्रश्नाने गर्दी पुन्हा दचकली. पोलिसाने माझा दंड धरला. दार उघडलं आणि आम्ही सगळे त्या वासाचा माग काढत स्वयंपाकघरात गेलो. पोलिसाने बोटाने कुकरचं झाकण उचललं, आत पाहिलं, झाकण परत ठेवलं.

"व्हॉट इज?"

"पॉट रोस्ट, सर."

नाक दाबून तो गंभीरपणे म्हणाला, "धिस वन डेड. खलास!" आणि मला खिडक्या उघडायला सांगून निघून गेला. मागोमाग गर्दीही पांगली. कोणी माझा हात दाबला, कोणी नुसती मान हलवली. एकदोघे तर थोडे हिरमुसलेलेच दिसले.

तेवढ्यात फोन वाजला. मी उचलला.

"कोण बोलतंय?" रझियाचा आवाज.

"मी."

"मी कोण?"

"अगं मी, इक्बाल!"

पलीकडे ती ओक्साबोक्शी रडायला लागली. झालं होतं असं की, यूसुफभाईंनी पॅसेजमधूनच कोणाच्या तरी मोबाइलवरून गावी फोन केला होता. "रझिया, घाबरू नकोस, पण..." एवढं बोलले आणि लाइन कटली! त्या 'पण'वर माझ्या सासरी अर्धं गाव जमलं होतं.

"काय झालं तुम्हाला?" ती हुंदके देत म्हणाली.

"मला काही नाही. पॉट रोस्ट नासला."

"काय?"

"तो आठ तासांचा कुकर. त्यात बीफ लावलं होतं."

"एकट्यासाठी?"

ह्याचं उत्तर मला लवकर सापडेना. तिलाही ते कळलं असावं, कारण तिने आवाज खाली आणला. "बरं, पण लावलं होतं तर नासलं कसं? जाताना बटणं बंद केली होतीत ना?"

"सगळी."

"कुकरचंही?"

"सगळी म्हणजे सगळी."

ती हसायला लागली. रडता रडता हसली, हसता हसता पुन्हा रडली. समुद्रापलीकडून येणारं ते हसू मी रिसीव्हर कानाला घट्ट धरून ऐकत राहिलो. मग तिने धाकट्याला फोन दिला.

"डॅडी, आर यू डेड?"

"नो, बेटा."

"ओके. मामू सेड मेबी. बाय!"

संध्याकाळपर्यंत मी आणि यूसुफभाई घर धूत होतो. कुकर भांड्यासकट कचऱ्याच्या मोठ्या डब्यात गेला. ब्लीचने दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. फरशी घासता घासता यूसुफभाई म्हणाले, "जिना चढताना मी काय हिशेब करत होतो ठाऊक आहे? तुला गेल्या ईदनंतर भेटलोच नव्हतो. शारजा काय लांब आहे?"

"नाही."

"मग?"

"मीही कुठे आलो?"

ते थोडा वेळ घासत राहिले. "तुझं बरं आहे. तुझा निदान वास तरी आला. आमच्या खोलीत मी गेलो, तर वास यायच्या आधी माझ्या पलंगावर दुसरा भाडेकरू येईल!"

आम्ही दोघंही हसलो. सकाळपासून कोणाच्याच पोटात अन्न नव्हतं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात पांढऱ्या दुपट्ट्यातल्या एक वयस्क बाई. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, कराचीच्या. आमच्या निधनाची बातमी वरपर्यंत पोचली होती. बातमीची दुरुस्ती अजून जिन्यातच होती. त्यांच्या हातात झाकलेलं भलं मोठं पातेलं होतं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारधर्माने त्या जेवण घेऊन आल्या होत्या. आमचे लाल डोळे, ओले चेहरे पाहून त्यांना भरून आलं.

"सब्र करो, बेटा," त्या म्हणाल्या आणि पातेलं माझ्या हातात दिलं. झाकण जरासं सरकलं. आत बीफ होतं! तासन् तास मंद आचेवर शिजलेलं, हाडावरून सुटत आलेलं, बटाटे त्याच्या रसात मुरलेले. पत्रकातल्या चित्रात होतं, अगदी तस्संच!

"मरहूम आपके कौन लगते थे?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. पण तो वास नाकात गेला आणि पातेल्यावरची माझी पकड आपोआप घट्ट झाली. यूसुफभाई मागून माझी बंडी ओढत होते.

मी मान खाली घातली. "जी... बहुत करीबी थे."

रिवाजाप्रमाणे तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांच्याकडून जेवण येत राहिलं. यूसुफभाई रोज संध्याकाळी शारजाहून माझ्या मयताला हजर! चौथ्या दिवशी त्या बाई मला लिफ्टमध्ये भेटल्या आणि मायेने त्यांनी माझं नाव विचारलं.

मी 'यूसुफ' असं सांगितलं.