शिंगराचं मुसकं

घोडी व्यायला आली तेव्हा कुसगावच्या आमच्या घरी तयारी झालेली होती. चुलतीने जुनं सुती लुगडं फाडून त्याचे पट्टे केले, उकळून उन्हात वाळवले. विताना घोडीची शेपटी त्या पट्ट्यांनी बांधायची होती. नाळेला लावायला आयोडीन मी लोणावळ्यातून आणलं. पडवीत भाताचा कोरडा पेंढा जाड अंथरला. चुलत्यांनी स्वतः एकच वस्तू केली. सुतळीचं मुसकं विणलं, शिंगराच्या तोंडाला बसेल एवढं.

घोडी पॉइंटवर पर्यटकांना फिरवायची. तिचा पुढचा पाय अधू होत चालला होता. तिची जागा घेईल असं शिंगरू चुलत्यांना हवं होतं. घोडी घेण्याआधी त्यांचं आयुष्य आंदर मावळात गाईंमागे गेलेलं. गाय व्याली की वार, म्हणजे वासरामागून येणारी झिल्ली, पडेपर्यंत वासराला कासेला लावायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. आधी पाजलं तर वार आत राहते, असं ते मानत.

शिंगरू उजाडता उजाडता जन्मलं. मादी, तांबूस रंगाची. धडपडत उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली आणि आईच्या कासेकडे वळली. चुलत्यांनी तिला मुसकं घातलं.

"आवं, ती गाय न्हाई," चुलती म्हणाली.

"मग तू शिकीव तिला कसं व्यायचं ते."

डॉक्टरांना फोन करू का, असं मी विचारलं.

"कर की. आन पेपरात बी छाप. गोठाभर वासरं वाढवली म्या. तुज्या डाक्टरनं किती?"

मी फोन केला. डॉक्टर टाकव्याला होते, संध्याकाळशिवाय त्यांना येता येणार नव्हतं. म्हणाले, मुसकं आत्ता काढा, चीक, ते पहिलं दूध, लगेच पोटात गेला पाहिजे. मी ते मोठ्याने सांगितलं.

"येऊ दे त्याला. मग बगू," चुलते म्हणाले.

शिंगरू मुसक्यासकट ढुशा देत राहिलं. चीक सुतळीवर ठिबकत होता. घोडीने लाथ झाडली, तेव्हा चुलत्यांनी तिला आखडून बांधलं. ती सारखी खिंकाळत होती.

वार पडली तेव्हा ऊन उतरलं होतं. चुलत्यांनी ती काठीने पसरून पाहिली. कुठे फाटलेली नव्हती, तुकडा आत राहिला नव्हता.

"बग," ते चुलतीला म्हणाले, आणि मुसकं काढलं.

शिंगरू तोवर आडवं झालं होतं. चुलतीने चीक वाटीत काढला, कापसाच्या बोळ्याने त्याच्या ओठांवर पिळला. तो हनुवटीवरून ओघळला. डॉक्टर पोचले तेव्हा त्याचे कान गार पडले होते. ओढ्याच्या कडेला चुलत्यांनीच खड्डा खणला.

दुसऱ्या दिवशी घोडीची कास दगडासारखी झाली. ती हात लावू देईना. चुलत्यांनी तिचा मागचा पाय बांधला, खाली बसले आणि सड पिळून दूध मातीत सोडू लागले. धार बराच वेळ थांबली नाही.

"लय दूध हाय हिला," ते कौतुकाने म्हणाले.