पन्नास रुपयांत ॲप टाकून मिळेल

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी साचत जातात. एक फुगलेल्या बॅटऱ्या आणि दुसरे किस्से. दोन्ही फेकून द्यायची भीती वाटते, म्हणून ड्रॉवरात पडून राहतात. माझं दुकान अहमदपूरच्या एसटी स्टँडसमोर आहे, अठरा वर्षं झाली. गिऱ्हाईक मोबाईल देतं आणि मी तो उघडेपर्यंत स्टुलावर बसून घरचं सगळं ओकून मोकळं होतं. बायकोला न सांगितलेलं मला सांगतं, कारण लॉकचा पॅटर्न तर मला सांगावाच लागतो!

हे किस्से चहावर सांगितले की दोस्तलोक पोट धरून हसतात. हसा बापहो. मला मात्र हल्ली सांगता सांगता डोकं तडकतं.

*

सुरुवात शेजाऱ्यापासून करतो. बाजूला मन्मथचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. तांब्या घ्यायला आलेल्या म्हातारीला दोन रुपये सोडायचे तर अर्धा तास घासाघीस करणारा माणूस. एके दिवशी त्यानं मोबाईल माझ्या काउंटरवर आपटला.

"रियाज, बघ रे ह्याला काय झालंय. पैसे निघून नाही राहिले."

"कशातून?"

"त्या नाण्याच्या ॲपातून. चार्जिंगचा पॉइंट खराब हाय का बघ बरं."

चार्जिंगचा पॉइंट! ॲपमध्ये त्याच्या ऐंशी हजारांचे तीन लाख दिसत होते. 'पैसे काढा' दाबलं की नुसतं चक्र फिरायचं. कंपनीला विचारलं तर उत्तर आलं होतं, आधी तीस टक्के टॅक्स भरा, मग पैसे सुटतील.

मी म्हटलं, "मन्मथ, तुझे तीन लाख त्यांच्याजवळच हायत ना? मग टॅक्स त्यातूनच कामून कापून घेत न्हाईत?"

त्यानं मोबाईल उचलला आणि मान हलवत गेला. मला वाटलं, पटलं. दोन दिवसांनी कळलं, भरले! जीएसटीच्या एका नोटिशीपायी सहा महिने ऑफिसात भांडणारा हा गडी, त्या चोरांना अर्ध्या तासात नव्वद हजार देऊन मोकळा!

मी चिडून बोंबललो, तर मलाच समजावतो, "अरे, पावती दिली ना त्यांनी!"

*

हे नाणं, म्हणजे मोबाईलातलं क्रिप्टो का काय म्हणतात ते, आमच्या गावात आणलं विनोदनं. विनोद माझ्याच वर्गातला. आधी प्लॉट विकायचा, मग शेळ्यांची स्कीम आणली, मग हे. नांदेडला विष्णुपुरीकडच्या एका हॉटेलात त्यानं सेमिनार ठेवला आणि दोन जीप भरून माणसं नेली. जेवण फुकट म्हणून मीही गेलो, खोटं कशाला बोलू?

स्टेजवर टाय लावून विनोद ओरडत होता, "महिन्याला वीस टक्के, गॅरंटी! आणि आज संध्याकाळी पाचच्या आत भरणाऱ्याला डबल!"

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारा उठला. देवणीकडचा, जन्मभर जनावरांचा व्यापार केलेला. म्हणाला, "साहेब, आमी बैल घेताना दात बघताव, चालवून बघताव, मालकाचं गाव इचारताव. ह्या नाण्याचा मालक कोणच्या गावचा?"

सगळा हॉल हसला. विनोद माईकमध्ये म्हणाला, "आजोबा, हे डिजिटल आहे. ह्याला गाव नसतं!" टाळ्या पडल्या.

"गाव न्हाई म्हणजे चोरीचं जनावर हाय," म्हातारा म्हणाला आणि गुलाबजामची वाटी घेऊन बाहेर जाऊन बसला.

शंभर माणसांत एकानं कामाचा प्रश्न विचारला, तर आम्ही त्याला हसलो. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

*

आमच्या ओळीच्या शेवटी खलीलचाचा टेलर बसतात. वय चौसष्ट. चाची वारल्यापासून दुकानातच जेवतात. त्यांना एक मेसेज आला. सिंगापूरच्या कुठल्याशा मॅडमचा, चुकून नंबर लागला म्हणे. फोटोत तिशीची बाई, मागं समुद्र. चाचांना इंग्रजी येत नाही, म्हणून उत्तरं लिहायला माझ्याकडं येऊ लागले.

"बेटा, इसकू लिख, थंडी पड रई तो स्वेटर डाल लेना."

"चाचा, सिंगापूरला थंडी नसते."

"तू लिख रे! पूछने में क्या जाता?"

जायचं ते गेलं. महिनाभर 'जेवलात का' विचारून मॅडमनी हळूच सांगितलं, माझे काका नाण्यात पैसे लावतात, तुम्हीही लावा. ते मेसेज हिंदीत आले, म्हणून चाचांनी मला दाखवलेच नाहीत. शिलाईचे साठवलेले एक लाख चाळीस हजार लावल्यावर मॅडमही गायब आणि फोटोही गायब.

मी तणतणत होतो. ती बाई नसेलच, चार टोणगे कुठंतरी खोलीत बसून टाइप करत असतील, असं काय काय बोलत होतो. चाचा सुईत दोरा ओवत शांतपणे म्हणाले, "होंगे रे. लेकिन खाना खाया क्या, ये तुम लोगां में से किसने पूछा?"

*

आता माझं ऐका.

सुरुवातीला ह्या ॲपमधून पैसे निघायचे. मन्मथला पहिल्या महिन्यात सहा हजार निघाले, तर त्यानं गल्लीभर जिलेबी वाटली. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानासमोर रांग! हे ॲप मोबाईलच्या नेहमीच्या स्टोअरात मिळत नव्हतं. विनोद लिंक पाठवायचा. लिंक दाबली की मोबाईल स्वतःच लाल अक्षरांत सांगायचा, हे धोक्याचं आहे, टाकू नका. खाली बारीक अक्षरांत असायचं, 'तरीही इंस्टॉल करा'. ते बारीक बटण कुठं असतं एवढं माहीत असण्याचे मी माणशी पन्नास रुपये घेत होतो. पुठ्ठ्यावर मार्करनं लिहून बोर्डसुद्धा लावला होता.

एक दिवस विनोद स्वतःचा मोबाईल घेऊन आला. डिस्प्ले फुटला होता. नवा टाकला आणि टच चालतो का म्हणून सगळी पानं सरकवून बघितली. दोन बँका होत्या, पत्त्यांचा गेम होता, शेतीचा सातबारा होता. नाण्याचं ॲप कुठंच नव्हतं.

मी विचारलं, "विनोद, तुझ्यातच न्हाई व्हय नाणं?"

तो मोठ्यानं हसला. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "येड्या, हलवाई आपली मिठाई खातो का कुठं?"

त्याच दिवशी बोर्ड काढून फेकायला पाहिजे होता. नाही काढला. दिवसाला दहा-बारा गिऱ्हाईकं होती. मनाला म्हटलं, दुसरा मोबाईल असेल त्याच्याकडं. माणूस स्वतःशी किती सफाईनं खोटं बोलतो!

*

आठवड्यानं बिरादार सर आले, सोबत त्यांच्या बायको, आमच्या शाळेच्या बाई. दोघंही रिटायर. सरांनी आम्हाला हायस्कुलात गणित शिकवलं. बाईंनी त्याच्या आधी, पहिली-दुसरीत, वाचायला शिकवलं. कुणी पुस्तकात तोंड घालून पुटपुटलं की बाईंचा एकच हुकूम असायचा, "मनातलं मला ऐकू येत नाही. मोठ्यानं वाच!" उर्दू बोलणाऱ्या घरातलं माझ्यासारखं पोरगं त्या एका वाक्यावर मराठी शिकलं.

बाईंचे दोन्ही गुडघे गेलेत. दुकानाच्या दोन पायऱ्या चढायला भिंत धरावी लागते. ऑपरेशनसाठी ठेवलेले सहा लाख सर नाण्यात लावायला निघाले होते.

"सहा महिन्यांत दुप्पट होतील. लातूरच्या चांगल्या दवाखान्यात करू," सर म्हणाले. "विनोद माझ्या हाताखालचा आहे. चक्रवाढ व्याज मीच शिकवलं त्याला."

हलवायाचं वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. गिळलं. मागं चार जण उभे होते.

लिंक दाबली. लाल अक्षरं आली. बाईंचा चष्मा घरी राहिला होता, पण रंग दिसला.

"रियाज, ते लाल लाल काय आलं रे?"

"काही नाही बाई. सगळ्यांनाच येतं."

आणि मी बारीक बटण दाबलं. सर निघाले तर बाईंनी त्यांना थांबवून पन्नास रुपये द्यायला लावले. म्हणाल्या, "फुकट करून घेऊ नका. पोराच्या कष्टाचा पैसा आहे."

*

अडीच महिन्यांत खेळ खलास. आधी 'सर्व्हरचं काम चालू आहे', मग व्हॉट्सॲपवरचा नाण्याचा ग्रुप बंद. विनोद स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर डोकं धरून रडत होता. "मी बी बुडालो रे! माझं तर तुमच्याहून जास्त गेलं!" आणि बुडालेली माणसं त्याला धीर देत होती! मन्मथनं तर त्याच्या चहाचे पैसे दिले!

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी टपरीच्या बाकड्यावर चढून ओरडलो, "खोटं बोलून राहिला! ह्याच्या मोबाईलात ॲपच नव्हतं! मी डोळ्यांनी बघितलंय!"

मन्मथनं विचारलं, "कवा बघितलंस?"

"डिस्प्ले टाकायला आलता तवा."

"मग तवा कामून बोलला न्हाईस?"

विनोदनं डोळे पुसले आणि माझ्याकडं बघून हसला, हरामखोर.

पोलिसांत चला म्हटलं तर एकही तयार होईना. मन्मथ म्हणाला, "गावात नाव खराब होतंय रे. सोयरे काय म्हणतील?" चोराला लाज नाही आणि लुटलेल्याला लाज! महिन्यानं मन्मथला फोन आला, तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, फक्त पंधरा हजार फी भरा. त्यानं मोबाईल माझ्याकडं आणला. म्हणाला, "पाठवायचं जमून नाही राहिलं, जरा बघ." मी तो मोबाईल तीन दिवस दिलाच नाही. दुरुस्त होत नाही म्हणून सांगितलं.

*

हा शेवटचा.

परवा बिरादार सर आले. मोबाईल पडून डिस्प्ले काळा झाला होता. मी टाकून देतो म्हटलं. सर काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणाले, "बाकी काहीही उडालं तरी चालेल. ते ॲप तेवढं जाऊ देऊ नको."

"सर, त्यात आता काय राहिलंय?"

"आकडा दिसतो ना अजून. साडेनऊ लाख. बाई रोज जेवण झालं की बघते आणि खूश होते. तिला मी काही सांगितलं नाही रे."

ज्यांच्यासमोर मी आयुष्यात मान वर केली नाही, ते सर माझ्यासमोर मान खाली घालून उभे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाईल न्यायला बाईच आल्या, एकट्या. भिंत धरून दोन पायऱ्या चढल्या. स्टुलावर बसून दम घेतला. मी मोबाईल पुढं केला आणि डिस्प्लेचे पैसे नको म्हटलं. त्यांनी पूर्ण मोजून दिले. वर पन्नासाची एक नोट वेगळी काढून ठेवली.

"हे कशाचे, बाई?"

"ॲप टाकायचे पन्नास घेतले होतेस. काढायचे पण घे."

"पण बाई, सर म्हणाले की..."

"सरांना सांग, डिस्प्ले बदलताना गेलं. ग्रुप बंद झाला त्याच दिवशी मला कळलंय सगळं. तेव्हापासून रोज दुपारी तो आकडा बघून मला हसावं लागतं. गुडघ्यांपेक्षा ते जड झालंय आता."

मी नोट त्यांच्याकडं परत सरकवली. त्यांनी ती तिथंच राहू दिली. मी ॲपवर बोट दाबून धरलं. स्क्रीनवर काहीतरी आलं आणि मी सवयीनं बटणाकडं बोट नेलं.

"थांब," बाई म्हणाल्या. पिशवीतून चष्मा काढला, पदरानं पुसला, पण डोळ्यांना लावला नाही. हातातच धरून ठेवला. "काय आलंय ते?"

"काही नाही बाई, ते..."

"मोठ्यानं वाच."