शाहूपुरीलगत

१६ एप्रिल २०००, रविवार. चटणी कांडून आणायची होती. मिरच्या गच्चीवर कडकडीत वाळवल्या होत्या, सकाळी लवकर उठून तेलावर भाजल्या होत्या. धने, तीळ, खोबरं, तळलेला कांदा-लसूण असं सगळं वेगवेगळ्या डब्यांत भरलं होतं. दोन जड पिशव्या घेऊन दरवर्षीप्रमाणे लक्ष्मीपुरीतल्या कांडपावर गेले, तर दाराला कुलूप. मोटर जळाली म्हणे. भाजलेला माल ठेवून चालत नाही, सादळतो. तशीच परत फिरले. आमच्या जिन्यापाशी पिशव्या खाली ठेवल्या, तेव्हा इमारतीच्या मागून धपधप ऐकू आली. ती धपधप मी नऊ वर्षं ऐकत होते. आमच्या भिंतीपलीकडेच एक कांडप होतं, गोठा गल्लीत. मी तिथं कधी पाऊल टाकलं नव्हतं.

खरं म्हणजे आमची इमारतही गोठा गल्लीतच होती, एका मोडलेल्या गोठ्याच्या जागेवर बांधलेली. ओढा ओलांडला की पलीकडे शाहूपुरी. तिथं दुकानं, ऑफिसं, एसटी स्टँड. अलीकडे आम्ही. म्हशी, शेण, पत्र्याची शेडं आणि एकेक करून बंद पडत चाललेल्या ओतकामाच्या भट्ट्या. बिल्डरच्या जाहिरातीत ‘शाहूपुरीलगत’ असं छापलं होतं. त्यातलं ‘लगत’ मी पहिल्याच वर्षी काढून टाकलं. पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात, माहेरी, नणंदेकडे, सगळीकडे मी शाहूपुरीत राहत होते. कुणी यायचं म्हटलं की मी स्वतः स्टँडवर घ्यायला जायची आणि मोठ्या रस्त्यानं वळसा घालून पुढच्या फाटकातून आत आणायची. लांब पडायचं, पण म्हशी दिसायच्या नाहीत. मागचं फाटक गल्लीत उघडायचं. ते आम्ही सोसायटीच्या सभेत ठराव करून बंद केलं. ठराव मीच मांडला होता. कारण डासांचं दिलं होतं.

कांडपवालीची आणि माझी ओळख झाली ती फोनमुळे. महिन्यापूर्वी ती जिना चढून वर आली, चपला खालच्या पायरीवरच काढून. नवरा नसलेली, माझ्याच वयाची बाई. म्हणाली, “बाई, पोरीचं बघतोय. आमच्यात फोन न्हाई. तुमचा नंबर देऊ का पावण्यास्नी?”

मी ‘द्या’ म्हटलं. त्यात माझं काही जात नव्हतं. चटणीच्या रविवाराआधीच्या गुरुवारी संध्याकाळी इचलकरंजीहून मुलाच्या मामांचा फोन आला. रविवारी चारला येतो, पत्ता सांगा. मी सांगितला, नेहमी सांगते तसा. मग मागच्या गॅलरीतून खाली ओरडून निरोप दिला, “रविवारी चारला पाहुणे येतायत!” तिनं खालून हात जोडले.

तर त्या रविवारी मी पिशव्या उचलल्या, इमारतीला वळसा घातला आणि गल्लीत शिरले. कांडप म्हणजे पत्र्याचं लांबट शेड. मोटरच्या पट्ट्यावर लोखंडी मुसळं वर-खाली होत होती आणि प्रत्येक उखळासमोर एक बाई तोंडाला पदर बांधून बसली होती. मी दारात उभी राहिले तशी एकजण म्हणाली, “आली गं शाहूपुरी!”

मला वाटलं, आणखी कुणी आलंय. मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

“तिकडं शाहूपुरीत कांडपं बंद झाली व्हय, बाई?” दुसरीनं विचारलं आणि हसता हसता तिला ठसका लागला.

“गप की गं,” कांडपवाली म्हणाली. “बसा बाई. आज तिनाला मोटर बंद करणार हाय, पण तुमचं तेवढं घेतो. शेवटचा घाणा तुमचा.”

म्हणजे गल्लीत मला नाव होतं. किती वर्षं होतं कुणास ठाऊक. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मिरचीनं झाल्या असं समजायला सोय होती, म्हणून मी गुपचूप पाटावर बसले आणि नाकाला रुमाल लावला.

बसल्या बसल्या कानावर पडत होतं. महापालिका म्हशी गावाबाहेर काढणार, ही बोलणी तेव्हा जोरात होती.

“काढू देत. गल्ली जरा दिसंल तरी बरी.”

“बरी दिसंल, पण तिथं तू दिसणार न्हाईस. समद्या जागेवर बिल्डिंगा हुतील.”

“हुईनात. बिल्डिंगीतली माणसं जेवत न्हाईत व्हय? चटणी लागंलच की.”

“त्यास्नी पाकिटातली लागती,” असं म्हणून ती माझ्याकडे बघून थांबली. “बाईंचं न्हाई म्हणत मी.”

कांडपवालीचा हिशोब वेगळा होता. मुलीचं लग्न झालं की शेडच्या मोकळ्या कोपऱ्यात पिठाची गिरणी टाकायची. माणसं वाढतील, दळण वाढेल. गल्ली बदलतेय याची तिला भीती नव्हती, आपण मागं राहू याची होती. म्हशी पुढं काही वर्षांनी खरंच गेल्या.

मुलीचं मात्र अडलं होतं. पंचविशीला आली होती. आधीची दोन स्थळं गल्ली बघून परत गेली होती. एका पाहुण्यांनी तर शेणात पाय पडला म्हणून चहासुद्धा घेतला नव्हता. “ह्या खेपंला तरी जमाय पायजे,” कांडपवाली म्हणाली. “कापडाच्या मागावरची माणसं हायत. आवाजाची, धुरळ्याची सवय असलेली. नाकं मुरडायची न्हाईत.”

तीनला मोटर थांबली. माझी चटणी चाळायची राहिली होती. मी म्हटलं, राहू दे, आधी घर आवरा. घर म्हणजे शेडमागची खोली. मुलगी नेसून तयार होती. बायकांनी शेड झाडलं, पाणी मारलं, माझ्या घरून मी चार खुर्च्या आणल्या. पोह्यांचा कांदा चिरून झाला.

चार वाजले. साडेचार झाले. पाचला मुलीनं ओच्यातली पिन काढून परत लावली.

“बाई,” कांडपवालीनं शेवटी विचारलं, “पत्ता नीट सांगितलासा न्हवं?”

मी तोंड उघडलं आणि काय सांगितलं होतं ते मला स्वतःच्याच आवाजात ऐकू आलं. शाहूपुरी, पुलाजवळ, कांडप कुणालाही विचारा. शाहूपुरीत कांडप नव्हतंच.

“मी बघून येते,” एवढंच म्हटलं आणि निघाले. काय झालं ते तिला सांगितलं नाही. तेवढी हिंमत नव्हती.

पुलापलीकडची दुकानं पालथी घातली. एका कोल्ड्रिंकवाल्यानं सांगितलं, तीन माणसं होती, एक म्हातारी, एक पोक्त माणूस आणि एक पोरगा. कांडप कुठं म्हणून विचारत होती, आताच स्टँडकडं गेली. मी स्टँडवर धावले. इचलकरंजीची गाडी लागायची होती. फलाटावर बरीच माणसं. लाजत बसायला वेळ नव्हता, मोठ्यानं ओरडले, “कांडपाकडं आलेले पाहुणे कोण?”

बाकावरची एक म्हातारी वळली, माझ्याकडे बघून सणसणीत शिंकली आणि म्हणाली, “हीच गं बाई. वासच सांगतोय.”

मी तशीच आले होते, अंगभर चटणी घेऊन. म्हातारी मुलाची आत्या होती. मामा उठले, पण चेहरा सैल केला नाही. “तासभर हिंडलो, बाई. एकानं मिरची बाजारात धाडलं. एकजण म्हणला, शाहूपुरीत कांडप कशाला असंल? आमी म्हणलं, चला परत.”

मी माफी मागितली, चूक झाली म्हटलं. कुणाची ते म्हटलं नाही. मुलगा शांतपणे आत्याची पिशवी घेऊन उभा होता. शेवटी आत्याच म्हणाली, “आलोय तर बघून जाऊ. पण जवळची वाट दावा, बाई. गुडघं दुखत्यात.”

जवळची वाट गल्लीतून होती, अगदी आरपार. मी कुणालाही त्या वाटेनं नेलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी स्वतःही ती पहिल्यांदाच पुरी चालत होते.

पूल उतरल्यावर तालीम लागली. बाहेरच्या ओट्यावर दोन म्हातारे थंडाईसाठी बदाम वाटत होते. त्यांनी आम्हाला बघून आपापसात मान हलवली. पुढं भट्टीचं शेड. मला वाटायचं, भट्टीवाला कागलच्या एमआयडीसीत गेल्यापासून ते ओसाड पडलंय. तिथं बेकरी चालली होती. खारीचे ट्रे निवायला बाहेर मांडले होते आणि शेजारी खोक्यांवर शाहूपुरीतल्या एका दुकानाचं नाव छापलेलं होतं. मी दर शनिवारी त्याच दुकानातून खारी आणायची. पूल ओलांडून जायची आणि पूल ओलांडून परत यायची. आत्यानं तिथं थांबून पाव किलो घेतली. गरम होती.

त्यानंतर दुधाचा कट्टा. धारांची वेळ. दावणीला म्हशी, समोर ग्लास घेऊन माणसं रांगेत. दूधवाल्यानं लांबूनच हाक मारली, “पावणं! कांडपाच्या पोरीला बघाय आलासा न्हवं? मग दूध पिल्याबिगर कसं जाणार?”

“तुमाला कसं ठावं?” मामांनी विचारलं.

“चारपासनं गल्ली वाट बघतीया की. ती पोरगी लई चांगली. माझी आई आजारी होती, तवा महिनाभर भाकरी करून दिल्या तिनं. पैसं दिलं तर भांडाय उठली.”

त्यानं ग्लासात थेट धार काढली आणि फेसासकट आत्याच्या हातात दिली. आत्यानं एका दमात संपवली, ओठावरचा फेस पुसला आणि मला विचारलं, “तुमी रोज हेच दूध घेत असशीला.”

“नाही. पिशवीचं आणते.”

“बाई शाहूपुरीच्या हायत,” दूधवाला म्हणाला. रांगेतली माणसं हसली.

आत्या हसली नाही. ग्लास परत देऊन माझ्याकडे वळली. “मग पत्ता शाहूपुरीचा का दिलासा? खरं सांगतो, बाई. आमास्नी वाटलं, पोरीत काय तरी खोट हाय, म्हणून घर लपवत्यात. म्हणूनच आमी स्टँड गाठला.”

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी माझं लपवत होते आणि डाग त्या मुलीवर पडत होता. आता ‘चूक झाली’ म्हणून भागणार नव्हतं.

“पत्ता मी दिला,” मी म्हटलं. “मुलीच्या आईला त्यातलं काही माहीत नाही. मी सगळ्यांना तोच देते. गोठा गल्लीत राहते असं सांगायची मला लाज वाटते.”

कट्ट्यावर सगळ्यांना ऐकू गेलं. एक म्हैस तेवढी रवंथ करत होती. दूधवाला पुढच्या ग्लासात धार काढता काढता म्हणाला, “ठावं हाय की, बाई. नऊ वर्षं बघतोय. पावणं आलं की लांबनं आणता.” आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

चालायला लागल्यावर आत्यानं माझ्या दंडाचा आधार घेतला. “आमची थोरली सून माहेरी सांगत्या, आमचं घर बंगल्याच्या लायनीत हाय. लायनीत माग हायत, आन् मागापुढं गटार.” तिला मला हलकं करायचं होतं. मी हलकी झाले नाही.

कांडपावर पोचलो. बघण्याचा कार्यक्रम झाला. शेड कितीही धुतलं तरी मिरचीच ती, मुलगा एकसारखा शिंकत होता आणि मुलगी हसू दाबत होती. आत्यानं तिला विचारलं, “ह्यो ठसका तुला तरास न्हाई देत?”

“मागाचा आवाज तुमास्नी देतो का?” मुलीनं विचारलं. आईनं डोळे मोठे केले.

मुलगा पहिल्यांदा बोलला. “आवाज थांबला की मला जाग येती.”

मामांनी मात्र पोहे संपवले, हात धुतले आणि “फोन करतो” एवढंच म्हणाले. आधीच्या दोन्ही पाहुण्यांनीही हेच म्हटलं होतं. आत्यानं आत गेल्यावर काही सांगितलं असावं, किंवा दूधवाल्यानं. कारण पाहुणे गेल्यावर मी खुर्च्या उचलू लागले, तेव्हा कांडपवालीला सगळं ठाऊक होतं. ती बोलेल म्हणून मी वाट बघत होते. तिनं चौथी खुर्ची उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “चटणी चाळायची ऱ्हायली तुमची. उद्या न्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑफिसला निघण्याआधी, मी इचलकरंजीला मामांच्या शेडवर फोन लावला. त्यांच्या फोनची वाट बघत बसणं मला जमणारं नव्हतं.

“पत्ता लिहून घ्या,” मी म्हटलं.

“आता कशाला, बाई? काल वाट दावलीसा की.”

“मुलाच्या वडलांना यायचं झालं तर लागेल.”

पलीकडे माग खडखडत होते. मग मामा म्हणाले, “थांबा. पेन घेतो.”

मी गोठा गल्लीपासून सुरुवात केली आणि सावकाश सांगितला. फोन ठेवून सोसायटीच्या सेक्रेटरींकडून मागच्या फाटकाची किल्ली मागून घेतली. कुलूप गंजलं होतं. त्यात गोडेतेल सोडलं, दोनदा हिसका देऊन ते उघडलं आणि त्याच फाटकातून चटणी आणायला गेले.